डाँकी काँगच्या घरच्या गेममध्ये तीनच लेव्हल का?

तुम्ही विचारलंय की मूळ आर्केड मशीनवर (नाणं टाकून खेळायचं ते) डाँकी काँगच्या चार लेव्हल होत्या, मग घरच्या टीव्ही गेमवर तीनच का दिसायच्या. तुमची आठवण बरोबर आहे, एक लेव्हल खरंच गाळली होती.

मूळ मशीन १९८१ चं. त्यात २५, ५०, ७५ आणि १०० मीटर असे चार टप्पे. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ मध्ये फॅमिकॉम हा टीव्हीला जोडायचा घरचा गेम आणला तेव्हा त्याच्यासाठी हाच गेमही बाजारात आणला, पण त्यात ५० मीटरचा टप्पा नव्हता. तोच तो, सरकत्या पट्ट्यांवरून सिमेंटची घमेली येतात तो. कॅसेटमध्ये सगळं मिळून जागा २४ केबी, चित्रंसुद्धा त्यातच! शिवाय मशीनचा स्क्रीन उभा, टीव्ही आडवा, त्यामुळे शिड्या-मजले बुटके करावे लागले.

आमच्याकडे नागपुरात बर्डीवरून आणलेला टीव्ही गेम होता. मे महिन्यात दुपारभर कूलरसमोर बसायचं, कॅसेट अडली की काढून फुंकर मारायची, पुन्हा दाबून बसवायची. पिंपांवरून उडी, मग लिफ्ट, मग शेवटी आठ खिळे काढले की काँग डोक्यावर आपटायचा आणि परत पहिल्यापासून. मधे काही राहिलंय हे आम्हाला कधी जाणवलंच नाही, इतका तो गेम नेटका उतरवला होता.

गाळलेला टप्पा २०१० मध्ये युरोपातल्या लाल रंगाच्या वी या निन्टेन्डोच्याच कन्सोलवर परत आला. आज खेळायचं असेल तर निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर आर्केड आर्काइव्ह्ज या जुन्या मशीन-गेमच्या मालिकेतली आवृत्ती घ्या, ती थेट मूळ मशीनची आहे.