उंबऱ्याशी थांबणारा

अमळनेरला मी २८ वर्षं भाड्यानं पुस्तकं देण्याची लायब्ररी चालवली. आता शटर बंद आहे आणि पुस्तकं माळ्यावर गेलीत. कोण काय वाचतंय आणि का, हे विचारायची खोड मात्र गेली नाही. या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच जातीची निघाली. तिन्ही भुतांची, म्हणजे प्रेमात पडणाऱ्या भुतांची. इतर पत्रांना पुढच्या अंकात उत्तरं देईन.

प्रश्न : मावशी, मी भुसावळची, वय ४१. मिस्टर मालगाडीवर लोको पायलट आहेत, त्यामुळे बऱ्याच रात्री घरात मी, सासूबाई आणि मुलगी. सगळं आवरलं की मी मोबाइलवर कथामालिका वाचते. गेलं वर्षभर एकाच छापाच्या. नायक रक्तपिपासू, नाहीतर पौर्णिमेला लांडगा होणारा, नाहीतर तीनशे वर्षांपूर्वी मेलेला सरदार. परवा मुलीनं फोन हिसकून त्यातला एक भाग मोठ्यानं वाचला आणि इतकी हसली की सासूबाई जाग्या झाल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. कडी लावून वाचावं, तर 'कडी का लावली?' म्हणून विचारतात. मी एम.ए. झालेली बाई, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मग हे मला का आवडतं? माझं काही बिघडलंय का?

उत्तर : काही बिघडलेलं नाही. तुला दुकानातली एक गोष्ट सांगते. पुस्तक आधी वाचलंय की नाही ते पुढच्या खेपेला कळावं म्हणून बायका त्यात खूण करून ठेवत. कुणी १७व्या पानावर पेन्सिलीचं टिंब, कुणी ३१व्यावर फुली. एक बाई तर कोपऱ्यात नखानं चंद्रकोर उठवायच्या. पुस्तक परत आलं की पान फाटलंय का ते बघायला मी चाळायची. तेव्हा कळलं, की पुस्तक सगळीकडे सारखं झिजत नाही. एखाद्या ठिकाणी ते आपसूक उघडतं. मला वाटायचं, चुंबनाचं पान असेल. नसायचं ते. नायक पावसात फाटकाशी उभा आहे, तिनं हाक मारल्याशिवाय आत येत नाही, त्या पानावर उघडायचं.

तुझ्या रक्तपिपासूकडे आता या नजरेनं बघ. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही इंग्रजी कादंबरी १८९७ची. त्यात या प्राण्याचे नियम दिलेत आणि त्यातला एक असा, की घरातल्या कुणीतरी 'ये' म्हटल्याखेरीज पहिल्यांदा त्याला आत पाऊल टाकता येत नाही. स्टोकरचा काउंट ड्रॅक्युला काही प्रियकर नव्हे, तो खलनायकच; पण हा नियम प्रेमकथा लिहिणाऱ्या पुष्कळांनी उचलला. उचलणारच. वीस माणसांचं बळ असलेला, भिंतीवरून पालीसारखा उतरणारा, आणि तुझ्या उंबऱ्याशी येऊन अडतो. तुझ्या एका शब्दासाठी अडतो! आणि तू मला लिहितेस, की तुझ्या खोलीला कडी लावली तरी जाब द्यावा लागतो. बाई गं, तुझा प्रश्न आणि त्याचं उत्तर तू एकाच पत्रात घालून पाठवलंस.

हे आजचं नाही. फ्रान्समधली सुंदरी आणि पशूची गोष्ट १७४०ची, आणि १७५६मध्ये आटोपशीर होऊन जगभर गेली ती. त्यातला पशू रोज रात्री जेवणाच्या वेळी येतो, 'माझ्याशी लग्न करशील?' विचारतो, 'नाही' ऐकतो आणि उठून जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मुलगी बघायला आलेल्या किती जणांनी आपलं 'नाही' असं ऐकून घेतलं होतं? माझ्या वेळी तर मला विचारलंच नव्हतं. चहाचा ट्रे हातात दिला आणि आठ दिवसांनी सुपारी फुटली. माणूस चांगला निघाला हे माझं नशीब, पण विचारलं नव्हतं हेही खरंच.

रक्तपिपासू आधी देखणा झाला आणि नंतर गुणी. डॉक्टर पोलिडोरीनं इंग्रजीत लिहिलेली त्याची कथा १८१९मध्ये छापून आली, तेव्हा तो उमराव होता, बोलण्यात गोड आणि पोटात काळा. सोज्वळ व्हायला पावणेदोनशेच्या वर वर्षं लागली. २००५मध्ये 'ट्वायलाइट' ही कादंबरी आली. त्यातलं नायकाचं कुटुंब माणसाला न शिवता जनावरांच्या रक्तावर भागवतं आणि गमतीनं स्वतःला शाकाहारी म्हणवतं. आपल्याकडे श्रावणापुरते शाकाहारी होणारे आहेत, त्यातलाच प्रकार! पण मेख तिथंच आहे. त्याला भूक आहे, समोर ती आहे, आणि तो स्वतःला आवरतो. ज्याच्यात वाईट करायची ताकदच नाही त्याच्या चांगुलपणाचं कौतुक कोण करतं? वाघानं पंजा आखडला तर गोष्ट होते, मांजरीनं आखडला तर नाही.

आणखी एक कारण आहे, ते जरा जपून सांगते. या नायकाला झोप नाही, नोकरी नाही, पोटासाठी धावपळ नाही. सगळा वेळ तिच्यासाठी. तुझे मिस्टर घरी येतात ते पाठ टेकायला, आणि डोळा लागतो न लागतो तोच पुढचा कॉल. तो त्यांचा दोष नाही. पण 'आज दिवसभर तू काय केलंस?' असं विचारून उत्तर संपेपर्यंत बसणारं माणूस तुला तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्यांत शोधावं लागलं, तर त्यात लाजण्यासारखं काय आहे?

एक मात्र बजावते. यातले काही नायक रात्री खिडकीतून येऊन तिला झोपलेली बघत बसतात, तिचा पाठलाग करतात, तिनं कुणाशी बोलायचं ते ठरवतात. लेखिका त्याला प्रेम म्हणते. भुसावळात कुणी असं केलं तर आपण चौकीत जाऊ. उंबऱ्याशी थांबणारा आणि खिडकीतून शिरणारा हे दोन वेगळे; दात सारखे असले म्हणून फसायचं नाही. मुलीशी बोलायचंच असेल तर हे बोल. आणि तिला मालिकेचा पहिला भाग वाचायला दे. आठवडाभरात 'पुढचा कधी येतो गं?' विचारेल. माझ्या दुकानात हसायला आलेल्या बऱ्याच जणी डिपॉझिट भरून गेल्यात.

प्रश्न : ताई, मी चोपडा तालुक्यातला शेतकरी. बायको अशाच कथा वाचते आणि मला ऐकवते. त्यातला गडी कधी म्हातारा होत नाही, त्याला घाम येत नाही, अंगाला म्हणे चंदनाचा वास येतो. मी केळीच्या बागेतून येतो तो चिखलानं माखून, कपड्यांवर केळीच्या चिकाचे डाग. आम्ही साध्या नवऱ्यांनी करावं तरी काय?

उत्तर : भाऊ, पहिली गोष्ट, नंबर तुमचा पहिला नाहीच. ऋग्वेदाच्या विवाहसूक्तात म्हटलंय, की वधू आधी सोमाची, मग गंधर्वाची, तिसऱ्यांदा अग्नीची आणि चौथा पती मनुष्य. हिशेबानं तुम्ही चौथे. तेव्हा घरात एखादा गंधर्व वावरला तर फार मनाला लावून घेऊ नका, त्याचा हक्क जुना आहे.

आता महाभारतातली दमयंती घ्या. आपल्या शेजारच्या विदर्भाची पोर. तिच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम नळाचं रूप घेऊन बसले. पाच नळ! ओळखायचं कसं? तर चौघांना घाम नाही, पापणी लवत नाही, माळा टवटवीत, अंगावर धुळीचा कण नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. पाचव्याची माळ कोमेजलेली, अंगाला धूळ नि घाम, डोळे मिटतात-उघडतात, आणि सावली पडते. तुमच्या बायकोच्या कथेतला गडी म्हणजे ते पहिले चौघे, अगदी घामासकट. म्हणजे घाम नसण्यासकट. दमयंतीनं माळ घातली ती पाचव्याला.

तुम्ही मात्र केळीचा चिक वाळायच्या आत आंघोळ करा, दमयंतीचं नाव सांगून चुकवू नका. आणि ती ऐकवते तेव्हा ऐका. ऐकवते आहे, ही मोठी गोष्ट आहे. भुसावळच्या बाईंना ऐकवायला कुणी नाही.

प्रश्न : मी शिरपूरची, २२ वर्षांची. मला अशी प्रेमकथा लिहायचीय, पण वाडे-किल्ले परदेशातले नकोत, सगळं आपल्याकडचं हवं. नायक म्हणून मुंजा घ्यावा असं डोक्यात आहे. आणि तो अहिराणी बोलला तर लोक हसतील का?

उत्तर : मुंजा नको. मुंजा म्हणजे मुंज झालेलं आणि सोडमुंजीआधी गेलेलं पोर. पिंपळाखाली शेंदूर लावून आपण त्याला पुजतो, यावलजवळ अट्रावलला मुंजोबाची मोठी यात्रा भरते. त्याला तिथंच राहू दे. लहान पोराला प्रेमकथेत ओढायचं नाही, आणि नवसाचा देव नायक केलास तर गावात उत्तरं देत बसशील.

यक्ष घे. मेघदूतातला नायक यक्षच आहे, हे आपण विसरतो. कामात हयगय केली म्हणून कुबेरानं त्याला वर्षभर हद्दपार केलं, आणि बायकोच्या आठवणीनं तो इतका वाळला की मनगटातलं सोन्याचं कडं गळून पडलं. अमानवी असून बदली झालेल्या कारकुनासारखा झुरतो. मला तो त्या सगळ्या फिकट उमरावांपेक्षा जवळचा वाटतो.

आपला यक्ष तर याहून गोड. चाळीसगावचा डोंगर ओलांडून गौताळ्याच्या रानात उतरलं की पितळखोऱ्याची लेणी लागतात. तिथं सापडलेला दगडी यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बुटका, पोट सुटलेला, डोक्यावर परडीसारखं भांडं, आणि चेहऱ्यावर हसू असं, की आपणही हसतो. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलंय – कण्हदास, धंद्यानं सोनार. दोन हजार वर्षांपूर्वीचा सोनार दगडात यक्ष घडवतो, तोही जळगावच्या सोनेबाजारापासून दिवसाच्या वाटेवर. तुला आणखी काय हवं? तो यक्ष देखणा नाही म्हणतेस? मग लिहून देखणा कर. किंवा करू नकोस. पोट सुटलेला आणि हसरा नायक अजून कुणी लिहिलेला माझ्या तरी वाचनात नाही.

जागा तर तुझ्याकडे आयती आहे. पंपाला लाइट रात्रीची मिळते, तेव्हा पाणी भरायला बाई शेतात जातेच. हातात बॅटरी, पायाखाली ओला गाळ, स्टार्टरचा खटका पडतो आणि मोटार घुरघुरते. बांधापलीकडे तो उभा आहे. बांध ओलांडत नाही. का ओलांडत नाही हे तुझं तू ठरव, पण पहिल्या पानापासून ठरलेलं असू दे. पथ्य नसलेला यक्ष म्हणजे नुसता गावगुंड.

भाषेचं म्हणशील, तर माझी आजी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झोक्याखाली बसून गोष्टी सांगायची, त्या अहिराणीतच. विहिरीवरच्या एकाची गोष्ट होती. पोरी विचारायच्या, भूत का देव? ती म्हणायची, 'भूत शे, पन गुनी शे.' कुणी हसायचं नाही. झोका थांबायचा. त्या भुतानं 'घरमा येऊ का?' विचारलं, की आम्ही सगळ्या एकमेकींना चिकटायचो, आणि आतून वाटायचं, ये म्हण, ये म्हण.

पहिली दहा पानं झाली की मला पाठव. कागदावर पाठव, मोबाइलवर माझे डोळे दुखतात.