अपूर्णांक शिकवताना टॅब कधी काढावा?

सर, पहिल्याच तासाला टॅब वाटू नका. आधी कागदी पट्ट्यांच्या घड्या घालू द्या, मग 'फेट' (PhET) या संकेतस्थळावरचं अपूर्णांकांचं सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर हाताळून बघायचं चित्र, उघडा. कोलोराडो विद्यापीठाचं आहे, फुकट आहे आणि डाउनलोड केलं की नेटशिवायही चालतं. त्यातली गोल नि केकची चित्रं मुलांना आवडतात, पण तिथे फार रेंगाळू नका, संख्यारेषेवर या. १/६ मोठा की १/८, हे आधी वहीत लिहून घ्या, मगच छेदाचा बाण दाबू द्या. छेद वाढताना तुकडे बारीक होताना दिसतात आणि "आठ मोठा म्हणून १/८ मोठा" म्हणणारं पोर आपणहून खोडरबर शोधतं. खेळाचा भाग शेवटी ठेवा. बरोबर उत्तराला मिळणाऱ्या ताऱ्यांच्या नादात मुलं नुसती अंदाजे बोटं मारत सुटतात. आणि हो, दोघांत एकच टॅब द्या, म्हणजे एकाला दुसऱ्याला समजावून सांगावंच लागतं.