निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट म्हणजे शिक्षा नव्हे गं

अगं नर्सिंगच्या फर्स्ट इयरला सायकॉलॉजीत सगळ्यांचा इथेच घोळ होतो, निगेटिव्ह म्हणजे वाईट असं धरून चालतात आणि मार्क घालवतात. वागणं कसं शिकलं जातं याचा अभ्यास करणाऱ्या स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या भाषेत निगेटिव्ह म्हणजे काहीतरी काढून घेणं, आणि रीइन्फोर्समेंट म्हणजे ते वागणं वाढणं, बस. पेशंटने गोळी घेतली, दुखणं थांबलं, पुढच्या वेळी तो स्वतःहून गोळी मागतो, झालं.

पाव्लोव्ह, म्हणजे दोन गोष्टी वारंवार एकत्र आल्या की शरीर नुसत्या एकीवरच प्रतिक्रिया द्यायला शिकतं हे दाखवणारा शास्त्रज्ञ, तो मात्र वॉर्डातच कळतो बघ, किमो चालू असलेल्या काही पेशंटना औषध चढायच्या आधीच, नुसत्या वॉर्डाच्या वासाने मळमळायला लागतं, ते नाटक नसतं गं, शरीर शिकलेलं असतं, म्हणून त्यांच्यावर कधी चिडू नकोस. आणि लहान मुलाला 'रडलास तर सुई टोचेन' असं तर अजिबात म्हणायचं नाही, मग ते युनिफॉर्म बघूनच रडायला लागतं.