उशाखालच्या गोळ्या

पत्र: माझ्या पतींना बऱ्याच वर्षांचा मधुमेह आहे आणि गेल्या वर्षापासून ते रात्री इन्सुलिन घेतात. मी घरातली साखर कुलपात ठेवली, त्यांचे रात्रीचे जेवण निम्म्यावर आणले, तरीही त्यांच्या उशाखाली जेली बीन या गोड गोळ्यांचे पाकीट सापडले. ते मी फेकून दिले, तर आठवड्याभरात दुसरे आले. विचारले की ते गप्प बसतात. पहाटे त्यांचा सदरा घामाने भिजलेला असतो, म्हणून मी उठून पंखासुद्धा वाढवते. इतके करणाऱ्या बायकोपासून ही चोरी कशासाठी? त्यांचे हे व्यसन कसे सोडवू?

उत्तर:

तुमच्या पत्रात पाकिटाविषयी पुष्कळ आहे आणि भिजलेल्या सदऱ्याविषयी एकच ओळ, तीही स्वतःच्या सेवेचा दाखला म्हणून. माझ्या दृष्टीने पत्रातली महत्त्वाची ओळ तीच आहे. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला पहाटे दरदरून घाम फुटतो, तेव्हा पंखा वाढवायचा नसतो, तर त्याच्या रक्तातली साखर मोजायची असते. घामाला इतर कारणेही असू शकतात, परंतु झोपेत साखर उतरणे हे त्यांतले सर्वांत तातडीचे कारण होय. जेवण निम्मे झाले आणि इन्सुलिनची मात्रा तेवढीच राहिली, तर रक्तातली साखर उतरवणारे ते इन्सुलिन रात्रभर काय करत राहील, याचा विचार जेवण कमी करताना तुम्ही केला होता का? डॉक्टरांना विचारून ते कमी केल्याचा उल्लेख पत्रात कुठेही नाही.

जेली बीनविषयी तुमचे मत चुकीचे नाही. साखर, कॉर्न सिरप आणि स्टार्च यांची ती गोळी असते, तिची चकाकी लाखेच्या किंवा मेणाच्या लेपाची आणि रंग बहुधा कृत्रिम असतात. १०० ग्रॅममध्ये सुमारे ३७५ कॅलरी आणि ७० ग्रॅमच्या आसपास साखर भरते, तर प्रथिने, तंतू आणि जीवनसत्त्वे जवळपास नसतातच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा असे सांगते, आणि ती मर्यादा एका मुठीतच संपते. चवीसाठी दिवसभर तोंडात टाकण्याचा हा पदार्थ नव्हे, मधुमेह्याने तर नव्हेच.

मात्र ज्या गुणामुळे ती गोळी एरवी वाईट ठरते, तोच गुण साखर उतरल्यावर कामाला येतो. तिच्यात स्निग्ध पदार्थ जवळजवळ नसल्यामुळे तिची साखर झटकन रक्तात पोहोचते. चॉकलेटमधल्या चरबीमुळे तोच परिणाम व्हायला उशीर लागतो. रक्तातली साखर दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, तर १५ ग्रॅम जलद शोषले जाणारे कर्बोदक घ्यावे, १५ मिनिटे थांबावे आणि पुन्हा मोजावे, हा सर्वत्र शिकवला जाणारा नियम आहे. लहान आकाराच्या साधारण पंधरा जेली बीनमध्ये तेवढे कर्बोदक मिळते. तुमचे पती पहाटे अंधारात उशाखाली चाचपडत असतील, तर ते चैन करत नसून बहुधा थरथरत्या हाताने स्वतःला सावरत आहेत. त्यांनी हे बोलून दाखवायला हवे होते, हे खरे. पण पाकीट कचऱ्यात गेल्यानंतर कुलपाच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या व्यक्तीशी कोण बोलणार?

तेव्हा व्यसन सोडवण्याचा विषय आता बंद करा. उद्या सकाळी इन्सुलिन लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करून दोनच गोष्टी सांगा: जेवण निम्मे केले आहे आणि पहाटे घाम येतो. मात्रा किती ठेवायची ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही दोघांनी ती आपल्या मनाने बदलायची नाही. आज रात्रीपासून पाकीट उघडपणे पलंगाशेजारी राहू द्या आणि त्याच्या शेजारी साखर मोजण्याचे यंत्र, म्हणजे ग्लुकोमीटर ठेवा. घाम दिसला की त्यांना उठवा, साखर मोजा आणि आकडा वेळेसह लिहून ठेवा, कारण डॉक्टरांना त्याचाच उपयोग होईल. ते शुद्धीवर नसतील किंवा त्यांना नीट गिळता येत नसेल, तर तोंडात गोळी किंवा पाणी काहीही घालू नका, लगेच रुग्णवाहिका बोलवा. पुढे गोळ्यांऐवजी औषधाच्या दुकानातले ग्लुकोज ठेवलेत तर अधिक चांगले, कारण त्याचे माप नेमके असते आणि जेली बीनसारखे ते दातांना चिकटून बसत नाही.