लेयर मास्कला 'मुखवटा' म्हणावं का?

प्रश्न असा होता: "फोटो एडिटिंगच्या क्लाससाठी मराठीत नोट्स लिहितेय. 'लेयर मास्क'ला 'मुखवटा' आणि ब्रशला 'कुंचला' लिहिलं तर चालेल का?"

ताई, कुंचला चालेल पण मुखवटा नको. मुखवटा म्हटलं की आपल्याला गौरीचा मुखवटा आठवतो, नाहीतर खंडोबाचा, म्हणजे तिथे एक चेहरा असतो आणि तो लोकांनी बघावा म्हणूनच मांडलेला असतो. लेयर मास्कला कुठला आलाय चेहरा, तो म्हणजे फोटोवर टाकलेलं काळं-पांढरं चित्र, काळं जिथे असेल तिथे लेयर (एकावर एक रचलेल्या चित्रांमधला एक थर) झाकला जातो, पांढरं असेल तिथे दिसतो आणि राखाडी असेल तिथे अर्धामुर्धा. काही जण 'आच्छादन' सुचवतात, पण शेती माहीत असलेल्या माणसाला त्याने उसाच्या पाचटाचं आच्छादनच डोळ्यापुढे येईल, आणि त्यात ते 'अर्धवट दिसणं' येतच नाही.

माझ्या मते नामापेक्षा क्रियापदाचा घोळ मोठा आहे. हडपसरच्या एखाद्या गॅरेजात गाडी रंगवायला दिली तर पेंटर आधी काचेवर पेपर आणि मास्किंग टेप लावतो आणि म्हणतो "काच मास्क केली", म्हणजे काचेला आता रंग लागणार नाही. फोटोशॉपच्या क्विक मास्कचा (ब्रशने रंगवून भाग निवडायची सोय) हिशोब हाच आहे, मूळ सेटिंगमध्ये जिथे लाल थर दिसतो तो भाग सुरक्षित (हा लाल रंग छपाईतल्या रुबीलिथ नावाच्या लाल फिल्मवरून आला, ती कापून नको तो भाग झाकायचे). पण लाइटरूममध्ये (फोटो सुधारायचं दुसरं सॉफ्टवेअर) 'आकाश मास्क केलं' म्हणजे आता आकाशच बदलणार, आणि तिथेही वरचा थर लालच! एकच शब्द, एकच रंग आणि अर्थ बरोबर उलटा, मग पोरं गोंधळणार नाहीत तर काय. म्हणून नोट्समध्ये 'मास्क करा' असं कुठेही लिहू नका, 'झाका', 'उघडा', 'निवडा' यातलं जे खरंच करायचंय ते लिहा. मास्क हे नाम तसंच राहू दे, तोंडाला लावायच्या मास्कमुळे ते आता घरोघरी पोचलंय आणि 'तो मास्क' हे लिंगसुद्धा ठरलेलं आहे.

आता ब्रश. 'ब्रश करा' म्हटलं की मराठी माणूस दातच घासणार, त्यामुळे 'ब्रश फिरवा' नाहीतर 'कुंचला फिरवा' लिहा. आणि इथे आपल्याकडे एक फार सुंदर शब्द आहे तो जरूर वापरा, रंगाचा 'हात'. भिंतीला पहिला हात, दुसरा हात देतात ना, तसंच मास्कवर होतं. ओपॅसिटी (रंग किती दाट लागतो ते) २० टक्के ठेवून काळा ब्रश फिरवला तर पहिल्या हातात २० टक्के झाकलं जातं, मग माउस सोडून परत फिरवला की दुसऱ्या हातात एकूण ३६, कारण उरलेल्या ८० चे २० टक्के म्हणजे १६ त्यात भरतात. माउस न सोडता तिथल्या तिथे कितीही घासलं तरी ओपॅसिटीची मर्यादा ओलांडत नाही, हे 'एक हात' या शब्दात आपोआप समजतं, इंग्रजी स्ट्रोक समजवायला मात्र परिच्छेद लागतो. हार्डनेसला (ब्रशची कड किती ठळक ते) 'काठिण्य' नको, 'कड सॉफ्ट ठेवा' पुरे, नारायण पेठेतला डीटीपीवालाही तसंच म्हणेल.

एक वाक्य नमुना म्हणून देतो: "मास्कवर काळ्या ब्रशचे दोन हात द्या, मागची भिंत अर्धवट झाकली जाईल, केस चुकून झाकले गेले तर कीबोर्डवरचं एक्स दाबून पांढरा रंग घ्या आणि तेवढेच उघडा."