बॅगा राहू देत, गल्लीतली माणसं शोध

प्रिय पोरी,

बीकेसीतली कंपनी तुझ्या गोवंडीच्या पालिका शाळेला बॅगा वाटणार म्हणते आणि मुख्याध्यापिका बाई म्हणतात, बॅगा नकोत, आठवीचे फॉर्म भरायला माणूस द्या. आणि तू मला विचारतेस, कुणाचं ऐकू? बाईंचं ऐक! दप्तर, गणवेश, वह्या, बूट धरून 27 वस्तू पालिका फुकट देते. त्या उशिरा आल्या तर वॉर्ड ऑफिसात जाऊन भांड, कंपनीकडे हात कशाला पसरायचा?

बाई म्हणतात तो फॉर्म एनएमएमएसचा, म्हणजे केंद्राच्या शिष्यवृत्तीचा असणार. आठवीत परीक्षा, पास होऊन निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. त्यासाठी साडेतीन लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला लागतो. नाक्यावर उभं राहून रोजंदारी मिळवणारा बाप पगाराची स्लिप कुठून आणणार? सेतू केंद्रात रांग लावायची तर त्या दिवसाची मजुरी बुडते. पोरगं हुशार असूनही तिथंच अडकतं. तिथं बॅग काय करणार? तिथं लागते गल्लीतली एखादी ताई, जिला कागद कुठले लागतात ते ठाऊक आहे आणि जी चार घरचे कागद एकदम घेऊन जाईल. ती पवईच्या आयआयटीतून येणार नाही. तिथले स्वयंसेवक चांगले असतात गं, पण परीक्षा आल्या, नोकरी लागली की जातात. ताई वस्तीतच राहते. म्हणून म्हणते, माणूस वस्तीतलाच हवा.

शाळा व्यवस्थापन समितीचं काय झालं, ते तू लिहिलंच नाहीस. 2009च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्यात 75 टक्के पालक हवेत, निम्म्या बायका. आता मला सांग, सकाळी अकराच्या बैठकीला धुणीभांडी करणारी आई येईल कशी? बैठक रात्री आठला घे. शाळेत जमत नसेल तर मंडळाच्या खोलीत घे. आरतीची वर्गणी काढणारी, मांडव घालणारी पोरं तिथंच असतात. अभ्यासिकेला ट्यूबलाईट आणि पंखा त्यांनाच मागायचा. त्यांची स्वतःची भावंडं त्याच शाळेत असतात, नाही म्हणणार नाहीत.

मी एका मोठ्या देणगीदाराला दारातून परत पाठवलं होतं. त्याला वाटपाचे फोटो हवे होते, मुलांच्या हातात बॅनर देऊन. लोक आजही मला हेकेखोर म्हणतात. म्हणोत. त्या पैशातून काय काय करता आलं असतं, ह्याचा हिशेब मीही रात्री करते. पण पोरांना बॅनर धरून उभं करायचं, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं आणि आजही होणार नाही.

तू मात्र कंपनीला तोडू नकोस. त्यांना म्हण, बॅगा राहू द्यात, दाखल्यांसाठी फिरणाऱ्या दोन तायांना मानधन द्या, वर्षभर. नाही म्हणाले तर मला कळव. आणि आज संध्याकाळी बाईंकडून आठवीची यादी घे, कुणाचा दाखला नाही ते बघ.

तुझी,
मावशी