बागायतदारांचे प्रश्न: बाहेरून आलेली कीड आणि खिशाला बसणारी झळ

प्रश्न : पपईचा एक एकर प्लॉट आहे. खोडापासून फळापर्यंत कापूस चिकटवल्यासारखे पांढरे झाले आहे. फळ हाताला चिकट लागते, त्यावर काजळी धरते. 20 दिवसांत 3 फवारण्या झाल्या. आठवडाभर बरे दिसते, मग पुन्हा तेच. आता दुकानदार चौथे औषध सांगतोय. घेऊ का?
– एक वाचक, ता. दौंड

उत्तर : चौथी फवारणी थांबवा. आधी कीड ओळखून घ्या. पिठ्या ढेकूण (मिलीबग) अनेक जातींचा असतो आणि पपईवरचा बहुधा परदेशी आहे. एक जाड मादी बोटाने चिरडून पाहा, पिवळा द्रव निघेल. दुसरी दोन-चार स्पिरिटच्या छोट्या बाटलीत टाकून ठेवा. पिवळा रंग जाऊन ती निळसर काळी पडली, तर हा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला पपईचा पिठ्या ढेकूण समजा. भारतात तो प्रथम 2008 मध्ये कोइमतूरला सापडला, आणि 2010 पर्यंत पुणे भागातल्या पपईवर पोहोचला होता.

फवारणी का लागू पडत नाही? मादीच्या अंगावर मेणाचा थर असतो, त्यावरून पाणी ओघळून जाते. अंडी तिच्या मागच्या कापसासारख्या पिशवीत असतात, तिथे औषध शिरतच नाही. एका पिशवीत 100 ते 600 अंडी. ती साधारण 10 दिवसांत फुटतात आणि महिन्याभरात पुढची पिढी तयार होते. औषधाने मरतात ती नुकतीच बाहेर पडलेली, मेण न चढलेली पिल्ले. म्हणून आठवडाभर बरे दिसते.

पण यापेक्षा मोठे नुकसान तुम्हाला दिसत नाही. ही कीड मेक्सिकोतून आली तेव्हा तिचे शत्रू तिकडेच राहिले होते. जुलै 2010 मध्ये पोर्तो रिकोहून परोपजीवी गांधीलमाशीच्या 3 जाती भारतात आणल्या गेल्या. कीटकांवर काम करणाऱ्या बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने त्यांची वाढ करून त्या सोडल्या. त्यातली असेरोफॅगस पपाये सर्वांत कामाची ठरली. ही माशी 1 मिलिमीटरपेक्षाही लहान असते. ती ढेकणाच्या पिल्लात अंडे घालते आणि आतली अळी त्याला पोखरून खाते. बिनफवारणीच्या प्लॉटमध्ये ती आपसूक येते. तुमच्या 3 फवारण्यांनी ढेकूण थोडे मेले, माश्या मात्र साफ झाल्या असण्याची शक्यता मोठी. औषधाचे पैसे गेले, मजुरी गेली आणि फुकट काम करणारा गडीही गेला.

आता काय करायचे ते सांगतो. जास्त भरलेली खालची पाने काढा, पोत्यात भरून जाळा किंवा पुरून टाका. बांधावर किंवा चारीत टाकू नका, पिल्ले वाऱ्याने आणि पाण्याने पसरतात. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तिचे वारूळ शोधून मोडा. मुंग्या त्या गोड चिकट द्रवासाठी ढेकणाची राखण करतात, माशीला जवळ येऊ देत नाहीत. बांधावरचे गाजर गवत फुलोऱ्याआधी मुळासकट उपटा, कारण ही कीड त्यावरही जगते. (हे गवतही मेक्सिकोकडचेच, आणि देशात त्याची पहिली नोंद 1955 ची, आपल्या पुण्यातलीच.) मग पंपाने नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा खोडावर आणि पानांच्या खालून मारा. फवारायचेच झाले तर 5 टक्के निंबोळी अर्क घ्या. 5 किलो कुटलेली निंबोळी 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, 200 ग्रॅम साबणाचा चुरा घालून पाणी 100 लिटर करा. त्याच दिवशी वापरा, शिळा अर्क कामाचा नाही.

त्यानंतर दर 5 दिवसांनी त्याच 10 झाडांची पाने भिंगाखाली पाहा. फुगलेले, तपकिरी, कडक झालेले आणि एक गोल भोक असलेले ढेकूण दिसू लागले, की माशी आली. आसपासच्या बिनफवारणीच्या पपईवर असे फुगलेले, पण अजून भोक न पडलेले ढेकूण असतील तर ती पाने आणून तुमच्या झाडांना बांधा. मोठ्या मिलीबगसारखी दिसणारी, पांढऱ्या झालरीची पण चांगली चपळ अळी दिसली तर तिला मारू नका. ती क्रिप्टोलिमस भुंगेऱ्याची अळी, ढेकूणच खाते. पुष्कळ जण नेमकी तीच चिरडतात.

प्रश्न : सीताफळाची एक एकर बाग आहे. फळाच्या डोळ्यांमध्ये थोडा मिलीबग दिसतो. फवारणीचा खर्च निघेल की नाही, हे आधीच कळायची काही रीत आहे का?
– एक वाचक, ता. पुरंदर

उत्तर : आहे, आणि ती प्रत्येकाने वहीत मांडावी. आकडे तुमचे घाला, आम्ही उदाहरणापुरते धरतो. 5 बाय 5 मीटरवर एकरी 160 झाडे, झाडाला 20 किलो, म्हणजे 3,200 किलो माल. स्वच्छ फळाला ₹60, काळ्या डागाच्या फळाला ₹25. क्रेट, गाडीभाडे, हमाली दोन्हींना सारखीच लागते, म्हणून तोटा किलोला ₹35. औषध, मजुरी आणि डिझेल धरून एका फवारणीला ₹3,000. खर्च भरून काढायला 3,000 भागिले 35, म्हणजे सुमारे 86 किलो माल वाचायला हवा. पण फवारणीने सगळे वाचत नाही. 60 टक्के वाचते धरले तर 86 भागिले 0.6, सुमारे 143 किलो. म्हणजे साधारण 7 झाडांचा माल. यापेक्षा कमी माल डागाळणार असेल, तर सबंध एकरावर फवारणी म्हणजे पदरचे पैसे घालणे.

यात लोक एक गोष्ट विसरतात. पहिल्या फवारणीत मित्रकीटक मेले आणि त्यामुळे दुसरी करावी लागली, तर खर्च ₹6,000 धरायचा, आणि मर्यादा 14 झाडांवर जाते.

मोजणीसाठी बागेतून तिरके चाला, 20 झाडे घ्या, प्रत्येकाची चार बाजूंची आणि मधले एक अशी 5 फळे. देठाजवळ आणि दोन डोळ्यांच्या फटीत पाहा, कीड पहिल्यांदा तिथेच लपते. कीड मोजक्या झाडांवर असेल तर त्यांना फीत बांधा आणि तेवढ्यांवरच उपाय करा. क्रिप्टोलिमस सोडायचे तर अशा झाडांवर 10-10 भुंगेरे, संध्याकाळी. त्याआधी आणि नंतर रासायनिक फवारणी नको. जिथे खायला ढेकूणच नाही तिथे भुंगेरा थांबत नाही.

प्रश्न : पेरूत फळमाशीसाठी मिथाईल युजेनॉलचे सापळे लावले. माश्यांचा खच पडतो, तरी फळे अळ्या पडलेली निघतात. सापळे बोगस आहेत का? आणि ही माशीही परदेशी का?
– एक वाचक, ता. इंदापूर

उत्तर : सापळे काम करताहेत, पण मिथाईल युजेनॉलच्या वासाला भुलून त्यात फक्त नर येतात. फळाला डंख करते ती मादी, आणि शेजारच्या बागेतून मीलन होऊन आलेली मादी तुमच्या सापळ्याकडे फिरकतही नाही. म्हणून सापळे फळ पिकण्याआधी दीड महिना आणि शेजाऱ्यांनीही एकाच वेळी लावावेत. एकरी 8 ते 10, सावलीत, 4-5 फूट उंचीवर. गळालेली फळे रोज वेचा आणि 2 फूट खोल पुरा. त्यातली अळी मातीत शिरून कोष करते आणि पुढची पिढी तिथूनच निघते. हे एक काम टाळले की बाकी सगळा खर्च वाया. पिशवी किंवा फोमची जाळी फळ हिरवे, लिंबाएवढे असतानाच घाला. रंग बदलू लागल्यावर डंख होऊन गेलेला असतो, मग पिशवीत अळीच सांभाळली जाते.

ही फळमाशी आशियातलीच, आपल्याकडे जुनी. परदेशी ती आफ्रिकेत ठरली. 2003 मध्ये केनियात सापडली आणि तिथून तिने खंडभर आंब्याची वाट लावली. आपल्या मालात फळमाशी सापडल्यामुळेच युरोपीय संघाने 1 मे 2014 पासून भारतीय आंबा बंद केला होता, तो 2015 मध्ये पुन्हा सुरू झाला. अळी पडलेले एक फळ बागेबाहेर जाऊन कितीजणांचा दर पाडते, ते यावरून दिसते.

प्रश्न : आम्ही कोथरूडला फ्लॅटमध्ये राहतो. गच्चीतल्या जास्वंदीवर पांढरा मिलीबग आहे. चार कुंड्यांनी शेतकऱ्याचे काय बिघडणार?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बिघडते. पपईचा ढेकूण जास्वंदीवर आनंदाने राहतो, आणि त्या फांद्या, कुंड्या, रोपे शहराबाहेर जात-येत असतात. भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधा, उरलेले साबणाच्या पाण्याने ब्रशने धुवा, आठवड्याने पुन्हा. नवीन रोप आणले की 3 आठवडे बाकीच्यांपासून वेगळे ठेवा. परदेशातून कलम किंवा रोप बॅगेत घालून आणू नका. त्याला वनस्पती संगरोधाच्या (क्वारंटाइनच्या) नियमांनुसार परवाना लागतो.

रोप वेगळे ठेवण्याची गोष्ट बागायतदारांनाही तितकीच लागू. नर्सरीतून रोपे घेताना शेंडा आणि पानाची खालची बाजू 10 पटीच्या भिंगाने पाहा. ट्रेमध्ये एक जरी पांढरा ठिपका चिकट लागला, तर तो सगळा ट्रे परत करा.